माझी फेलोशिप आणि गायरानाचा ठराव

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

अब्बा गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण "दार लाव", "पाणी दे" एवढंच. कारण पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. माणसं कमी भरली, सभा तहकूब झाली आणि आमच्या कब्रस्तानचा विषय पुढं गेला. धनगर वस्तीवर जाऊन लोकांना सांगायचं काम माझ्याकडं होतं, असं त्यांचं म्हणणं. होतं. पण त्याच दिवशी अकरा वाजता 'विनिंग प्रपोजल कसं लिहावं' हा वेबिनार होता. फ्री. असे वेबिनार रोज होत नाहीत.

एकदा नीट लिहून ठेवतो, पुढं रिपोर्टला उपयोगी पडेल. माळगिरीत आमची अकरा घरं. गावात कब्रस्तान नाही. कुणी गेलं की जनाजा टेम्पोत घालून जतला न्यायचा, चौदा किलोमीटर. अब्बा कैक वर्षं तलाठी, ग्रामसेवक, तहसील करतायत. ओढ्यापलीकडच्या गायरानाचा तुकडा मोजून झालाय, नकाशाही झालाय. फक्त ग्रामसभेचा ठराव राहिलाय.

अब्बांना वाटतं, ठराव झाला की झालं सगळं. अब्बा म्हणजे सिकंदर नदाफ, गाद्या भरणारा माणूस, त्यांची दृष्टी लोकल असणार. मी एमएसडब्ल्यू आहे. ठरावानं एक गाव सुटेल. फेलोशिपनं जिल्हा सुटेल.

फेलोशिप जिनिव्हाच्या एका फाउंडेशनची आहे. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या 'उगवत्या नेतृत्वा'ला देतात, दोन वर्षांसाठी. माहिती वाचताना अंगावर काटा आला. हुबेहूब माझंच वर्णन. छत्तिसाव्या वर्षी उगवायला हरकत नाही, वयाची अट नाहीये.

२१ ऑगस्ट

उद्यापासून पाचला उठायचं. दोन तास लिखाण, मग फील्ड, मग पुन्हा लिखाण. सांगलीच्या संस्थेत होतो तेव्हा असंच करायचो. (प्रोजेक्ट बंद पडला म्हणून, नाहीतर अजून केलं असतं.) फोन दुपारपर्यंत हातात घ्यायचा नाही.

२२ ऑगस्ट, सकाळी ८.४०

उठलो. अर्शिया म्हणते गजर वाजला होता. तिनं बंद केला, कारण मी तिला बंद कर म्हणालो. अशा वेळी बायकोनं नवऱ्याचं ऐकायचं नसतं.

३० ऑगस्ट

शीर्षक ठरलं! 'मृतांचा अवकाश: ग्रामीण दख्खनमधील दफनभूमी, प्रतिष्ठा आणि नागरिकत्व'. आठवडा गेला, पण शीर्षक चांगलं असलं की निम्मा अर्ज झाला.

अर्शिया मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. तिला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, म्हणजे कब्रस्तानच ना? म्हटलं, हो, पण नुसतं कब्रस्तान नाही. मग तिनं विचारलं, धनगर वस्तीवर कधी जाणार? दोन ऑक्टोबरच्या सभेला माणसं लागतील. तिला समजावलं की कुठल्याही प्रकल्पाला आधी एक इन्सेप्शन फेज असते, त्यात कम्युनिटीचं मॅपिंग होतं, मग मोबिलायझेशन. मी बोलत असतानाच तिनं मशीन सुरू केलं.

अम्मीला शीर्षक सांगितलं नाही. तिला मृत वगैरे शब्द घरात उच्चारलेले आवडत नाहीत.

८ सप्टेंबर

आज अब्बांबरोबर बाजारला गेलो. कापूस पिंजायचं मशीन उतरवायला हात हवा होता. शिवाय त्यांची मुलाखत घ्यायची होती, 'ओरल हिस्टरी' म्हणून अर्जात जोडायला. मशीनच्या आवाजात रेकॉर्डिंग होईना. दुपारी जेवताना घेऊ म्हटलं, तर जेवताना त्यांना खोकला लागला. हल्ली लागला की थांबत नाही. पन्नास वर्षं कापसाची धूळ छातीत चाललीये. शेजारचा भाजीवाला आकाराम उठून त्यांची पाठ चोळत राहिला. मी रेकॉर्डिंग बंद केलं. तेवढं भान मला आहे.

डॉक्टरकडं जाऊ म्हटलं. अब्बा म्हणाले, सभा होऊ दे, मग जाऊ.

येताना टेम्पोत ते पुष्कळ बोलले. त्यांचे अब्बा कसे गेले, पावसाळा होता, ओढ्याला पाणी होतं, जनाजा दुपारपर्यंत अलीकडेच थांबला. फार मोलाचं मटेरियल. फोनची बॅटरी संपली होती. घरी आल्यावर लिहून काढायचं ठरवलंय.

९ सप्टेंबर

काल दमलो होतो. आज लिहितो.

१५ सप्टेंबर

अर्जाला गावातल्या पाच जणांची शिफारसपत्रं लागतात. मानसिंगकाकांकडं गेलो. सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता डाळिंबाची बाग आणि ग्रामपंचायतीचं सदस्यपद. अब्बांचे बालमित्र. पत्र मीच इंग्रजीत टाइप करून नेलं होतं, त्यांनी फक्त सही करायची.

ते म्हणाले, काय लिवलंय वाच. मी मराठी करत वाचलं: झिशान नदाफ यांनी गेल्या दोन वर्षांत गावातील सर्व समाजघटकांना एकत्र आणून कब्रस्तानचा लढा उभा केला.

काकांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "सई करतो की रं. खरं तू दोन तारकंच्या आदी तेवढं धनगर वस्तीवर जाऊन ये. हरिबाला सांगितलं की समदी वस्ती येती. माझ्या गुडघ्याला चढ झेपत न्हाई, न्हाईतर मीच गेलो आस्तो."

म्हटलं, जातो. पत्रात आधीच लिहिलंय म्हटल्यावर जावंच लागणार. यालाच अकाउंटेबिलिटी म्हणतात.

२४ सप्टेंबर

दोन मिनिटांचा व्हिडिओ अपलोड करायचाय. 'बाधित व्यक्तीचा आवाज'. बाधित व्यक्ती घरातच आहे ही आपली जमेची बाजू.

अब्बांना स्वच्छ सदरा घालून अंगणात खुर्चीवर बसवलं. वाक्यं लिहून दिली होती. 'प्रतिष्ठा' हा शब्द त्यांच्या तोंडात बसेना. चार वेळा घेतलं. पाचव्यांदा ते कागद बाजूला ठेवून स्वतःचंच बोलायला लागले. म्हणाले, "हितं वाटंच्या कडंला असलो तर मानसिंग बागेत जाताना हाक तरी मारंल. जतला कोन वळखतंय मला?" मग खोकला.

आवाज चांगला आलाय. पण पहिला भाग मुद्द्याला धरून नाही आणि मानसिंग कोण हे जिनिव्हाला कळणार नाही. तो कापावा लागेल. खोकला ठेवावा का, हा विचार करतोय. परिणामकारक आहे.

अर्शियानं विचारलं, त्यांना दवाखान्यात कधी नेणार? दोन तारीख होऊ दे, म्हटलं. सगळं दोन तारखेवर आलंय. कामाच्या माणसाचं असंच होतं.

३० सप्टेंबर

उद्या सकाळी धनगर वस्ती. नक्की.

१ ऑक्टोबर

बजेटचा तक्ता जुळत नव्हता. त्यात संध्याकाळ झाली. वस्तीवर सगळे मेंढरं घेऊन माळावर गेले असणार, भेटलं कोण असतं? शिवाय सभेची दवंडी ग्रामपंचायतीनं द्यायची असते. ते काम खरं तर त्यांचं.

२ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ

अर्ज गेला!!!

मुदत जिनिव्हाच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेतीनपर्यंत. ग्रामसभा अकराची. माझा प्लॅन चोख होता, आधी सभा, मग सबमिट. पण व्हिडिओ गावातल्या नेटवर्कवर चढेना. नऊच्या एसटीनं जतला गेलो, झेरॉक्सवाल्याकडं वायफाय आहे. तिथं रांग. तीन वाजून पाच मिनिटांनी 'सबमिशन सक्सेसफुल' आलं. स्क्रीनशॉट काढला. डोळ्यात पाणी आलं.

घरी आलो तेव्हा अब्बा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. सभेला पुन्हा माणसं भरली नाहीत. अब्बा साडेदहापासून पहिल्या खुर्चीवर बसले होते म्हणे, नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन. मानसिंगकाका उठून उभे राहिले, मागं बघितलं, आणि परत बसले. वस्तीवरचं एकही माणूस नव्हतं. काकांनीच अब्बांना गाडीवर घरी आणून सोडलं.

मी कारण सांगायला सुरुवात केली. अब्बा वळले आणि विचारलं, भरला का फॉर्म? म्हटलं, भरला. म्हणाले, चांगलं झालं.

रागावले असते तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

२० ऑक्टोबर

निकालाची वाट. व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन करून ठेवलं, फक्त 'फेलो' या शब्दाची जागा रिकामी सोडलीय. ऑफिस सांगलीत घ्यावं की मिरजेत? मिरजेला रेल्वे आहे, परदेशी पाहुण्यांना सोपं.

अब्बांना डॉक्टरकडं नेलं. अर्शियानं नेलं. त्या दिवशी मला मिरजेतल्या जागांची चौकशी करायची होती, म्हणून फोनजवळ थांबणं भाग होतं.

१७ नोव्हेंबर

अब्बांना मिरजेला ॲडमिट केलंय. छातीचा फोटो डॉक्टरांनी दिव्यासमोर धरून दाखवला. काळं असायला हवं तिथं पांढरं होतं, पिंजलेल्या कापसासारखं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. त्यांना सगळ्यांनाच असं म्हणायची सवय असते.

२ डिसेंबर

शॉर्टलिस्ट! शॉर्टलिस्ट!! जगातून चाळीस जण, त्यात मी. मुलाखत २३ जानेवारीला, ऑनलाइन.

वॉर्डात अब्बांच्या उशाशी बसून ईमेल मोठ्यानं वाचला, आधी इंग्रजी, मग मराठी. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटनंही अभिनंदन केलं. अब्बांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, सव्वीस जानेवारीच्या सभेला तू हायस न्हवं?

म्हटलं, अब्बा, आता सभेची गरजच राहणार नाही, थेट वरून दबाव येईल. त्यांनी मास्क परत लावला. त्यामुळं ते काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही.

२९ डिसेंबर

अब्बांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच बरं.

अम्मी त्यांना चमच्यानं पेज भरवते. मधेच ती त्यांचं तोंड पदरानं पुसते आणि ते तिच्याकडं बघतात. मुलाखतीची तयारी बाहेरच्या खोलीत करतो, आवाजाचा त्रास नको.

१६ जानेवारी २०२५

फजरच्या नमाजानंतर अब्बा गेले.

१८ जानेवारी

परवाचं लिहायचं होतं, जमलं नाही.

गुसल झाला, म्हणजे शेवटची आंघोळ, मग कफन झालं. मानसिंगकाका दारात उभे होते, पायातल्या चपला काढून. गावातली पुष्कळ माणसं आली होती. अब्बांनी ज्यांच्या ज्यांच्या घरात गादी भरली ती सगळी. पण वाजिदच्या टेम्पोत मावतात किती? जनाजा ठेवल्यावर दहा-बारा माणसं बसली. बाकीची वेशीपर्यंत चालत आली आणि तिथं थांबली. म्हातारी माणसं होती, चौदा किलोमीटर कशी येणार?

रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्यात अब्बांचं डोकं हलत होतं. मी मांडी घालून उशाशी बसलो आणि दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवलं. वाजिदला सारखं सांगत होतो, हळू चालव. तो म्हणाला, भाई, याच्यापेक्षा हळू चाललो तर बंद पडेल.

जतला जागा मिळाली, भिंतीच्या अगदी कडेला. तिथले लोक चांगले आहेत, नेहमीच देतात. खड्डा खणणाऱ्यानं मयताचं नाव विचारलं. सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, आडनाव? गाव?

मानसिंगकाका गुडघ्याचं दुखणं घेऊन गाडीवरून आले होते. माती देताना त्यांनी अब्बांना एकेरी हाक मारली. "सिक्या," एवढंच. माणसं लांब झाली तरी ते तिथंच उभे होते.

१९ जानेवारी

मुलाखत पुढं ढकलायची का? विचार केला. अब्बांना आवडलं नसतं. म्हणजे त्यांना असं वाटलं असतं, असं मला वाटतं.

'केस स्टडी' विभागात भर घालण्याची परवानगी आहे. एक परिच्छेद लिहिला, 'अर्जदाराच्या वडिलांचा मृत्यू'. टेम्पो, खड्डे, डोकं, सगळं. एका बैठकीत लिहून झाला. आजवर लिहिलेल्या सगळ्या अर्जांमधला हा सगळ्यात चांगला परिच्छेद आहे, तटस्थपणे बघितलं तरी.

अर्शियाला दाखवला. तिनं वाचला, लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि अम्मीजवळ जाऊन बसली. पसंत आहे की नाही ते सांगितलं नाही.

पाठवला.

२३ जानेवारी, गुरुवार

मुलाखत झाली. एकंदरीत चांगली. तिघं होते. एकानं मांडणीचं कौतुक केलं, शीर्षकाचंही. नैरोबीच्या एका बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, फार हळू बोलत होत्या. त्यांनी आधी अब्बांबद्दल दुःख व्यक्त केलं. मग विचारलं, हा विषय गावाच्या सभेपुढं किती वेळा आला? म्हटलं, दोनदा. काय झालं? म्हटलं, माणसं भरली नाहीत. विरोध कोणाचा होता?

मी म्हटलं, संरचनात्मक.

त्या म्हणाल्या, माणसांपैकी कोणाचा?

मी थोडा विचार केला. नाव आठवेना. मग त्यांनी विचारलं, लोकांना बोलावण्याचं काम कोणाकडं होतं?

नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. म्हणजे मी बंद केलं, कारण ते जाणारच होतं. आमच्याकडं दुपारी जातंच.

पुन्हा जोडलं तेव्हा वेळ संपली होती. त्यांनी छान निरोप दिला.

२६ जानेवारी, रविवार

ठराव झाला.

अर्शिया काल दुपारी धनगर वस्तीवर जाऊन आली. मला सांगितलं नव्हतं. माझ्या मोटारसायकलच्या किल्ल्या तेवढ्या मागितल्या. मला वाटलं, मशीनची सुई आणायला जातेय.

मी झेंडावंदन झाल्यावर सभेत मागं जाऊन बसलो. शाळेचं पटांगण भरलं होतं. वस्तीवरच्या बायका, पटकेवाले म्हातारे, सगळे. मी हातात मुद्दे घेऊन गेलो होतो, विरोध झाला तर घटनेची कलमं सांगायची म्हणून. मानसिंगकाकांनी ठराव मांडला. ग्रामसेवकानं विचारलं, अनुमोदन? हरिबा धनगर उभा राहिला. विचारलं, कोणाची हरकत? पटांगणात कुणी काही बोललं नाही. एक लहान पोर रडत होतं तेवढंच. मंजूर म्हणाले आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टँकरचा.

एवढंच. चहा गार व्हायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

कुणाचाच विरोध नव्हता. आधीच्या दोन्ही सभांनाही नसणार.

बाहेर पडताना हरिबा माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आवं, आमाला आदी कुनी सांगितलंच न्हाई. तवाच आलो आस्तो की. माझ्या लेकीच्या लग्नातली गादी सिकंदरभाईनंच भरल्याली." तो मला दोष देत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं की सांगणारा मी होतो.

घरी आल्यावर अर्शियाला 'थँक्यू' म्हणालो. ती म्हणाली, मी अब्बांसाठी गेले होते.

१२ फेब्रुवारी

ईमेल आला आहे. उघडलेला नाही. विषयाच्या ओळीत 'अपडेट' लिहिलंय. निवड झाली असती तर 'अभिनंदन' लिहिलं असतं, पण काही संस्थांची पद्धत वेगळी असते.

१४ फेब्रुवारी

उघडला. यंदा अर्ज फार दर्जेदार आले होते. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. खाली एक ओळ वेगळ्या टाइपात होती, त्या नैरोबीच्या बाईंची असावी. तुमच्या वडिलांचा व्हिडिओ मी पुन्हा पाहिला, तो जिथं सुरू होतो त्याच्या आधी ते काहीतरी बोलत होते असं वाटतं, ते ऐकायला आवडलं असतं.

पुढच्या वर्षीची मुदत सप्टेंबरमध्ये आहे. आत्तापासून सुरुवात केली तर

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही सगळे गायरानात गेलो. वेड्या बाभळी तोडायच्या होत्या. वाजिदनं कुऱ्हाडी आणल्या. मानसिंगकाकांनी बागेतला गडी पाठवला आणि स्वतः बांधावर खुर्ची टाकून बसले. माझ्या हाताला दहा मिनिटांत फोड आले. कुणी हसलं नाही. काकांनी गड्याला सांगून मला फांद्या ओढायचं काम दिलं. ते केलं.

दुपारी अर्शिया जेवण घेऊन आली, बरोबर अम्मी. इद्दत आहे, म्हणून अब्बा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. जागा एकदा बघून येते, म्हणाली. कुणी तिला अडवलं नाही.

ती ओढा ओलांडून आली, दगडावर बसली आणि सगळीकडं बघितलं. वाट जवळ आहे. काकांची बाग दिसते, आमच्या घराचा पत्रासुद्धा दिसतो. तिनं मला जवळ बोलावलं. हळू आवाजात विचारलं, आता कागद झालाय, तर त्यांना जतहून इकडं आणता येईल का?

सांगण्यासारखं बरंच सुचलं. अर्ज करता येतो, परवानगी असते, अशी उदाहरणं आहेत, मी माहिती काढतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, नाही अम्मी. नाही येत आणता.

ती बरं म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. खाली पडलेला एक काटा उचलून तिनं वाटेतून बाजूला टाकला.

मग म्हणाली, "फिर मेरेकू बी उधरीच ले जाव."

मी हो म्हणालो.